काकांच्या खात्यावरून आलेलं आमंत्रण

मेलेल्या माणसाने आपल्या बायकोला दहा टक्के सवलत देऊन वर बोलावून घ्यावं, असा प्रकार आमच्या घराण्यात यापूर्वी झालेला नव्हता. तो झाला, आणि बोलावण्याचा मजकूर मी माझ्या स्वतःच्या दोन बोटांनी टाइप केलेला होता. मला अजून धक्का बसलेला आहे. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. लोकांचं काय जातं म्हणायला!

आधी आमचा धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मांत्रिक आहे. मी प्रोग्रामर आहे. फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं ऑफिस आहे आणि तिथून आम्ही दिवंगत माणसांची स्मृतिपानं इंटरनेटवर चालवतो. माणूस गेला की घरचे त्याच्या नावाने आमच्याकडे खातं उघडतात, फोटो देतात, चार ओळी लिहितात, 'जवळची माणसं' म्हणून नातेवाइकांचे नंबर भरतात. मग ते नातेवाईक पानावर येऊन 'दिवा लावा' हे बटण दाबतात आणि पडद्यावर एक दिवा मिणमिणायला लागतो. तो दिवा मी केलेला आहे. तो जरा जास्तच मिणमिणतो अशी तक्रार आहे, पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय आमचे साहेब. साहेब पूर्वी सहलींच्या धंद्यात होते. माणूस सहलींतून श्रद्धांजलीत आला म्हणून तोंडातले शब्द थोडेच बदलतात? 'यंदा सीझन कसा आहे?' असं ते अजूनही विचारतात आणि विचारल्यावर स्वतःच ओशाळतात. तर हे साहेब एका सोमवारी कुठलंसं विक्रीवाढीचं शिबिर करून आले आणि थेट माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन बसले. टेबलाच्या कोपऱ्यावर बसणारा साहेब कधी पगारवाढ सांगायला आलेला मी पाहिलेला नाही.

"प्रत्येक खात्याला एक लिंक द्यायची," साहेब म्हणाले. "ज्याची त्याची वेगळी. त्याने ती आपल्या माणसांना पाठवायची. त्या लिंकवरून जो येईल त्याला दहा टक्के सवलत, आणि ज्याने आणला त्याच्या खात्यात पॉइंट."

"साहेब, आपल्या धंद्यात?"

"का? आपल्या धंद्यात माणसं येत नाहीत?"

"येतात. पोचवायला येतात."

साहेब हसले नाहीत. शिबिरात त्यांना बहुतेक हसायला मनाई केलेली असावी.

मजकुरावर मात्र त्यांनी फार मेहनत घेतली. मी लिहिलं होतं, 'आपणही या सेवेचा लाभ घ्यावा.' साहेब म्हणाले, हे वीजमंडळाच्या नोटिशीसारखं वाटतं. आपलेपणा कुठे आहे? 'आपण' नको, 'तुम्ही' नको, सरळ 'तू' लिहा. मी घरी येऊन आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांना विचारलं काय किंवा न विचारलं काय, सल्ला मिळतोच. विचारलं तर लवकर आटोपतं इतकंच. ते म्हणाले, "साहेब बरोबर आहेत. जवळचा माणूस 'आपण यावे' म्हणत नाही, 'ये' म्हणतो. वाक्यं छोटी ठेवा." झालं. शेवटी असा मजकूर ठरला: 'इथे सगळी सोय उत्तम आहे. माझ्या लिंकवरून आल्यास दहा टक्के सवलत मिळेल. तूही ये. वाट बघत आहे.'

आता हा मजकूर जिवंत माणसाने पाठवला तर त्यात वावगं काही नाही. पुन्हा वाचून बघा. काही नाही.

घोळ झाला तो आमच्या कामाच्या पद्धतीमुळे. आमच्याकडे खाती दोन प्रकारची, हयात आणि दिवंगत, पण माझ्या आधीच्या गृहस्थांनी ती एकाच तक्त्यात कोंबून ठेवलेली. तक्त्यात एक रकाना आहे, त्यात १ म्हणजे हयात, २ म्हणजे दिवंगत. माणसाच्या आयुष्याचा एवढाच काय तो फरक, पण तो एका आकड्यावर असतो हे मला या नोकरीत कळलं. आणि आमच्या ऑफिसचा एक अलिखित नियम आहे: नवीन काहीही केलं की आधी दिवंगतांच्या खात्यांवर करून बघायचं. कारण साधं आहे. ते फोन करून तक्रार करत नाहीत.

त्याप्रमाणे मी प्रत्येक खात्याला लिंक बनवून देणारा, आणि ती लिंक त्याच्या जवळच्या माणसांना पाठवणारा प्रोग्राम लिहिला. मेसेज पाठवायचं बटण बंद ठेवलं आणि '२' वर करून बघितलं. सुरेख चाललं. एकाही दिवंगताने हू की चू केलं नाही. आता खऱ्या दिवशी दोन गोष्टी करायच्या होत्या: बटण चालू करायचं आणि '२' चा '१' करायचा. त्यातली एक मी केली.

इथे मला मावशीबद्दल सांगायला हवं. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून माझी मावशी आमच्याकडे, मागच्या खोलीत असते. ही बाई एके काळी पोस्टमनला जिन्यात अडवून त्याच्या बदलीपर्यंत सगळी माहिती काढणारी. आता विचारलं तर 'हो' नाहीतर 'नको', आणि पुष्कळदा तेही नाही. भिंतीकडे तोंड करून बसते, दोन घास खाते, की पुन्हा भिंत. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "आजार असा काही नाही. पण जगण्यातलं मनच काढून घेतलंय त्यांनी. असंच चाललं तर फार दिवस काढतील असं वाटत नाही. मोठा धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका." तेव्हापासून आमचं घर चवड्यांवर चालतं. टीव्ही मुका, दारावरची घंटा काढून ठेवलेली. बायकोने बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलंय की दारं आपोआप उघडतात. पाहुणे बंद. आम्ही कुठे निघालो की तिच्या खोलीत डोकावून हळूच सांगतो, "मावशी, तू पड हं, आराम कर." आईच्या माघारी मला लहानाचं मोठं हिनेच केलं. ती अशी डोळ्यांदेखत विझत चालली होती, आणि मला काही सुचत नव्हतं.

आणि काकांचं स्मृतिपान मीच केलेलं होतं. फुकट. जवळच्या माणसांत पहिला नंबर मावशीचा.

तर त्या गुरुवारी सकाळी मी बटण चालू केलं, प्रोग्राम सोडला आणि चहा मागवला. चहा यायच्या आत आमच्या टेलिफोनबाई दारात उभ्या.

"एका बाईंचा फोन आहे. म्हणतायत, सासूबाईंचा मेसेज आलाय."

"मग येऊ दे की. योजना आहे."

"सासूबाई गेल्यात."

"कुठे?"

टेलिफोनबाईंनी नुसतं वर बघितलं. तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजला, मग पहिला पुन्हा वाजला, आणि मग ते दोन्ही फोन एकमेकांशी बोलत असल्यासारखे वाजतच राहिले. कुणाला वडील बोलावत होते, कुणाला पहिली बायको बोलावत होती. (हा मेसेज दुसऱ्या बायकोने वाचला होता.) एका गृहस्थांना त्यांच्या जुन्या भागीदाराने 'वाट बघत आहे' म्हटलं होतं, आणि त्यांच्यात पैशांवरून कोर्टबाजी झालेली असल्याने ते पोलीस संरक्षण मागत होते.

मी प्रोग्राम उघडला. तिथे तो '२' माझ्याकडे बघत बसलेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो, हयात माणसांपैकी एकालाही लिंक गेली नव्हती! आमची सगळी योजना दिवंगतांनी अंगावर घेतली होती. साहेब धावत आले, पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "पण प्रतिसाद चांगला दिसतोय." हे ऐकून मला जो धक्का बसला तो वेगळा धरावा.

मग मला मावशी आठवली आणि बाकीचे धक्के जागच्या जागी राहिले.

हे मेसेज पोचवायचं काम एक बाहेरची कंपनी करते आणि ते टप्प्याटप्प्याने जातात. म्हणजे काकांचा कदाचित अजून निघालेला नसेल. मी त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक अतिशय गोड आवाज आला.

"मेसेज ताबडतोब थांबवा," मी म्हणालो.

"ज्या खात्यावरून मेसेज निघालेत त्या खातेदारांनी स्वतः विनंती करावी लागेल, सर."

"ते वारलेत."

"सगळे?"

"सगळे."

"एकदम?"

"नाही हो, सवडीने!"

"ओह. मग प्रत्येकाच्या वारसाचं संमतिपत्र लागेल, सर. त्यावर खातेदारांची सही असेल तर काम लवकर होतं. मी आपल्याला अजून काही मदत करू शकते का?"

मी फोन ठेवला आणि घरी लावला. "अगं, मावशीच्या उशाशी तिचा फोन असतो, तो आत्ताच्या आत्ता काढून घे."

"ती झोपलीय," बायको कुजबुजली. "मी गेले आणि ती दचकून उठली तर? डॉक्टर काय म्हणालेत?"

"अगं, काकांचा मेसेज येणार आहे!"

बायको अतिशय समजुतीच्या स्वरात म्हणाली, "अहो, तुम्ही आधी घरी या. पाणी प्या."

मी निघालो. बस मिळाली नाही, धावत निघालो. माझ्या वयाच्या आणि घेराच्या माणसाने भर बाजारातून धावू नये. निम्म्या लोकांना वाटतं चोर आहे, निम्म्यांना वाटतं चोर पुढे आहे. घामाघूम होऊन जिन्यापाशी पोचलो तर तिथे मास्तर वाट अडवून उभे. हातात फोन, चेहरा गंभीर.

"बरं झालं भेटलात," ते म्हणाले. "माझं निधन कधी झालं?"

"अँ?"

"थोरल्या भावाची लिंक आली. म्हटलं योजना तुमचीच आहे, सवलत आहे, बघू. नाव भरलं, फोटो चढवला. तर हे बघा."

मी बघितलं. पडद्यावर मास्तरांचा फोटो, त्याखाली माझा दिवा मिणमिणतोय. आता या नव्या भानगडीचा उलगडा असा, की लिंकवरून आलेल्या माणसाचं खातं बनवताना मी वेळ वाचवायला आणणाऱ्याच्याच खात्याची नक्कल करून फक्त नाव आणि फोटो बदलत होतो. नकलेबरोबर तो '२' सुद्धा आला. म्हणजे जो दिवंगताच्या लिंकवरून येईल तो दाखल होताक्षणी दिवंगत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"मास्तर, माफ करा, लगेच काढतो."

"थांबा हो, घाई काय आहे?" मास्तरांनी माझा हात धरला. "हे वाचा. खालचे वकील लिहितात, 'एक सालस शेजारी हरपला.' काल गाडी लावण्यावरून हाच मनुष्य मला काय काय बोलला माहीत आहे? संध्याकाळपर्यंत राहू द्या. धाकट्या जावयाने अजून दिवा लावलेला नाही, त्याच्याकडे मला बघायचंय."

मी त्यांच्या बगलेखालून निसटलो आणि वर गेलो. दार उघडंच. आत बायको उभी, हातात कालथा, आणि रंग उडालेला.

"मावशी नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"तुमचा फोन झाल्यावर मी दार ढकललं. पलंग रिकामा. चपला नाहीत, पिशवी नाही. फोनही नाही." आणि ती रडायला लागली. "बिजागऱ्यांना तेल घातलं ना मी. आवाजच आला नाही."

मी दाराची चौकट धरली. इतके महिने जी बाई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती ती फोन वाचून उठली आणि निघून गेली. कुठे? 'तूही ये' म्हटल्यावर माणूस कुठे जातो? हे वाक्य मी लिहिलं होतं. मास्तरांच्या सल्ल्याने छोटं ठेवलं होतं. मला एकाएकी शहरातला तलाव आठवला, रेल्वेचं फाटक आठवलं, आणि मी मोठ्याने "मावशी!" अशी हाक मारली. ज्या घरात इतके दिवस चमचा पडला तरी आम्ही जीभ चावत होतो त्या घरात माझीच हाक घुमली.

आम्ही दोघं दोन दिशांना धावलो. औषधांच्या दुकानात विचारलं, बागेतली बाकं पाहिली, तलावाच्या कठड्याजवळ तर मी पाण्याकडे बघायची हिंमत होईना म्हणून आधी डोळे मिटून घेतले. मग उघडले. पाणी स्वच्छ, शांत. एक म्हातारा बदकांना पाव घालत होता. त्याने मावशी पाहिली नव्हती. मी रेल्वेच्या फाटकाकडे वळणार, एवढ्यात फोन वाजला. टेलिफोनबाई.

"तुम्ही लवकर या. एक आजी आल्यात, तुमच्या खुर्चीत बसल्यात. साहेबांना उभं केलंय."

मेसेजखाली आमच्या ऑफिसचा पत्ता असतो. इतकी साधी गोष्ट, आणि मी तलावावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी बायकोला फोनवर एवढंच सांगितलं, "सापडली," आणि ती पलीकडे हुंदके देत राहिली.

ऑफिसात शिरलो तर खरंच मावशी माझ्या खुर्चीत. मांडीवर पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गाल तापलेले. साहेब टेबलासमोर हात बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

"दहा टक्के!" मावशी म्हणत होती. हा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होतो! "अहो, दहा टक्क्यांवर ह्यांनी आयुष्यात कधी हो म्हटलंय? चपला घ्यायला गेले तर दुकानदार रडकुंडीला यायचा. वाचलं आणि तिथल्या तिथे ओळखलं, हे ह्यांचं नव्हे. माझ्या नवऱ्याच्या नावावर कुणीतरी धंदा करतंय."

"आजी, आम्ही वीस करू शकतो," साहेब म्हणाले.

"साहेब!" मी ओरडलो.

मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि म्हणे, सगळी सोय उत्तम आहे! कुठली सोय ह्यांना कधी उत्तम वाटली? पलंग कडक, चहा गार, पंखा हळू. स्वर्गात जरी गेले तरी पहिल्या दिवशी तक्रारवही मागतील." मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि तिचा आवाज खाली आला. "आणि हे शेवटचं तर मुळीच ह्यांचं नव्हे. 'तूही ये.' लग्न झाल्यापासून हे पुढे आणि मी मागे. बाजारात, दवाखान्यात, कुणाकडे जायचं असलं तरी. मी म्हणायची, अहो, थांबा की जरा. तर म्हणायचे, येशील मागून. गेले तेही तसेच गेले, पुढे. कधी वळून 'ये' म्हणाले नाहीत." तिने फोन पिशवीवर उपडा ठेवला. "ह्यांचं नाही हे कळलं होतं मला. तरी परत परत वाचत बसले."

दोन्ही फोन वाजत होते. टेलिफोनबाईंनी ते उचलले नाहीत. त्या डोळे पुसत होत्या.

"कुणी लिहिलंय हे?" मावशीने विचारलं.

साहेबांनी तत्परतेने माझ्याकडे बोट दाखवलं. जबाबदारी वाटून देण्यात हा मनुष्य कधी कमी पडलेला नाही.

"तू?"

"हो मावशी. चूक झाली. तो दोनाचा एक करायचा राहिला, म्हणजे असं बघ, तक्त्यात एक रकाना असतो—"

"तुला लिहिता येतं असं?" ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "मग इतके महिने मी तुझ्या घरात आहे. तुम्ही लग्नाला जाता, बाजारात जाता, नाटकाला जाता. दारातून डोकावून मला 'पड' म्हणता. तू तरी एकदा म्हणालास का रे मला, तूही ये?"

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले होते, तुला धक्का बसता कामा नये."

"अरे, बसू दे की एखादा! भिंतीकडे बघून माणूस जगतं का?"

आम्ही तिला जपत होतो म्हणायचं, आणि जिवंतपणी तिला त्या दुसऱ्या आकड्यात टाकून मोकळे झालो होतो. हा धक्का सगळ्यांत मोठा, आणि तो माझ्या हिशेबी बसला.

"मावशी," मी म्हणालो, "चल."

"कुठे?"

"ठरवलं नाही. बाहेर. चहा पिऊ कुठेतरी."

तिने चष्मा काढला, पिशवीत ठेवला, पुन्हा काढून डोळ्यांवर चढवला आणि उठली. साहेब घाईघाईने म्हणाले, "अहो, पण ते मेसेज अजून जातायत! थांबवणार कोण?"

"वारसांना विचारा," मी म्हणालो.

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. दुपारची गर्दी होती, समोरचं हॉटेल चौक ओलांडून पलीकडे, आणि मी सवयीने झपाझप निघालो, गाड्यांना हात दाखवत, टेबल मिळेल की नाही याचा विचार करत. अर्ध्या रस्त्यात गेल्यावर मागून हाक आली, माझ्या लहानपणच्या नावाने, अशी खणखणीत की एक स्कूटरवाला थांबला. वळून बघितलं तर मावशी अजून फुटपाथवरच उभी, पिशवी छातीशी धरून.

मी परत गेलो. तिने माझा दंड घट्ट धरला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "आता चल."